जखमीच्या खिशात हात घालू नका!

१ नोव्हेंबर २०१८ चा दिवस कल्याण पूर्वेच्या चक्कीनाका परिसरातील जनता विसरलेली नसेल. विहिरीच्या सफाईसाठी एक कामगार खाली उतरला, तो वर आलाच नाही. त्याला काढायला आणखी दोघे उतरले, तेही विषारी वायूने गुदमरले. मग कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या अग्निशमन दलाचे दोन जवान उतरले आणि तेही गेले. एका विहिरीने पाच बळी घेतले. आज तो दिवस आम्ही आठवतो आहोत तो एका साध्या प्रश्नासाठी. त्या दोन जवानांनी खाली उतरण्यापूर्वी विहिरीच्या काठावर उभे राहून 'आत पडलेल्याचे पैसे कोण भरणार?' असे कोणाला विचारले होते काय?

नाही विचारले. आग लागली तर बंब आधी धावतो, हिशेब मागाहून होतो. मग महापालिकेची रुग्णवाहिका दारात आली की लगेच मीटर का पडतो? आपल्याकडच्या अनेक नगरपालिका-महापालिकांत रुग्णवाहिका आणि शववाहिका अग्निशमन दलाच्याच ठाण्यात उभ्या राहत आल्या. बंबही पालिकेचा, रुग्णवाहिकाही पालिकेचीच. तरी बंब फुकट आणि रुग्णवाहिकेला किलोमीटरमागे दर! अंदाजपत्रकाचा मोसम आला की उत्पन्नवाढीच्या नावाखाली हे दर वाढवण्याच्या सूचना पुढे येतात. तातडीच्या रुग्णसेवेवर एक पैशाचेही शुल्क असता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे 'वापरकर्ता शुल्क' आकाशातून पडलेले नाही. ते खाउजा धोरणाचे, म्हणजे खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरणाचे अपत्य आहे. गरीब देशांनी सरकारी दवाखान्यांत रुग्णांकडून पैसे घ्यावेत, हा सल्ला जागतिक बँकेने १९८७ साली दिला. डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान आले. त्यात महापालिकांना निधी देताना अट घातली गेली की, सेवा चालवण्याचा आणि देखभालीचा पूर्ण खर्च ७ वर्षांत वापरकर्त्यांकडून वसूल करा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिका त्या अभियानात होत्या. नागरिकाचा 'ग्राहक' झाला तो असा. ज्याच्या खिशात पैसा नाही, तो ग्राहकही नाही आणि नागरिकही नाही!

यावर कोणी म्हणेल की, १०८ ची सेवा तर मोफत आहे. खरे आहे. जानेवारी २०१४ मध्ये ती महाराष्ट्रात सुरू झाली, गाडीत डॉक्टर असतो आणि रुग्णाला पैसे पडत नाहीत. पण ती सुरू झाली तेव्हा साऱ्या राज्याला गाड्या होत्या ९३७. गाड्या थोड्या आणि पल्ला मोठा, म्हणून पालिकेच्या गाडीची गरज संपत नाही. त्यात आपल्या भागातील रुग्णाला एकाच रुग्णालयात नेऊन भागत नाही. डोंबिवलीच्या शास्त्रीनगर किंवा कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयातून त्याला कळव्याला पाठवतात, कळव्याहून शीव नाहीतर केईएमला. प्रत्येक टप्प्यावर गाडी लागते. १०८ मिळाली नाही, पालिकेची गाडी रिकामी नसली, तर बाहेर खासगीवाला उभाच असतो. २०२० च्या कोरोना काळात हे खासगीवाले इतके बेफाम झाले की, सरकारला त्यांच्या गाड्या ताब्यात घेण्याचे आणि दर बांधून देण्याचे आदेश काढावे लागले.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. रुग्ण उशिरा, अत्यवस्थ अवस्थेत आणले गेले, असा खुलासा तेव्हा झाला. क्षणभर तो मान्य करू. पण गरिबाला उशीर का होतो? वालधुनीच्या अशोकनगरातली घरकाम करणारी बाई छातीत कळ आली तरी आधी पैशांची जुळवाजुळव करते. नाक्यावरचा मजूर 'सकाळपर्यंत बघू' म्हणतो. शुल्काची भीती ही उशिराची पहिली पायरी आहे. त्याच आठवड्यात, १५ ऑगस्ट २०२३ पासून, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. पण महापालिकांची रुग्णालये त्या विभागाखाली येत नाहीत. म्हणजे आपला माणूस पुन्हा उंबरठ्याबाहेरच!

'गरिबांना सवलत देऊ' असे अधिकारी सांगतात. ही सवलत म्हणजे फसवणूक आहे. रात्री दोन वाजता रक्त ओकणाऱ्या बापाला गाडीत घालायचे की पिवळे रेशनकार्ड शोधायचे? ज्याचे कार्ड गावी आहे, त्याने काय करायचे? ठेकेदाराकडे राबणाऱ्या सफाई कामगाराने गरिबीचा दाखला कुठून आणायचा? जीव जात असताना गरिबी सिद्ध करायला लावणे हा माणसाचा अपमान आहे.

कायदा काय म्हणतो? १९४९ च्या महापालिका अधिनियमाने अग्निशमन दल आणि दवाखाने ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये ठरवली. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सहाव्या क्रमांकावर सार्वजनिक आरोग्य आहे आणि सातव्यावर अग्निशमन सेवा. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेगाडीतून पडला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले आणि अखेर त्याला खासगी रुग्णालयात पैसे मोजावे लागले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, तातडीचे उपचार नाकारणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले, काहींनी प्राण गमावले. त्या शेतमजुराची कहाणी ठाणे-कल्याणच्या जनतेला वेगळी सांगायला हवी काय?

आंबेडकरी जनतेला तर हा प्रश्न नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करा, असे त्यात होते. होय, दवाखानेसुद्धा! महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावे लागले. जे सार्वजनिक पैशातून चालते त्यावर प्रत्येकाचा सारखा हक्क, हा त्या लढ्याचा गाभा होता. तेव्हा तळ्यावर जातीचा पहारा होता, आज रुग्णवाहिकेच्या दारावर शुल्काचा आहे. अडवला जाणारा माणूस बहुतेक वेळा तोच आहे.

अमेरिकेत अनेक शहरांत अग्निशमन दलच रुग्णवाहिका चालवते आणि मागाहून घरी बिल पाठवते. अचानक येणाऱ्या वैद्यकीय बिलांविरुद्धचा तिथला कायदा २०२२ पासून लागू झाला, पण रस्त्यावरच्या रुग्णवाहिका त्यातून वगळल्या गेल्या. त्याच अमेरिकेत पिट्सबर्ग शहराच्या कृष्णवर्णीय वस्तीतील तरुणांनी १९६७ साली 'फ्रीडम हाऊस' ही प्रशिक्षित रुग्णवाहिका सेवा उभी केली. १९७५ मध्ये शहराने आपली सेवा सुरू केली आणि त्या तरुणांना हळूहळू बाजूला सारले. शोषितांनी उभारायचे आणि प्रस्थापितांनी हिसकावायचे, ही रीत तिथेही आहे.

आता पैशांचा प्रश्न. तो आम्ही टाळत नाही. डिझेल लागते, चालकाला आणि परिचारकाला वेळेवर, पूर्ण पगार द्यावा लागतो. पण घोडबंदरपासून कल्याण-शीळ रस्त्यापर्यंत जे टॉवर उभे राहत आहेत, त्यांच्याकडून २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली अग्निशमन शुल्क घेतले जाते. ते नफा कमावणाऱ्याने आधी भरायचे असते, त्याला आमचा विरोध नाही. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये स्फोट होऊन कामगार मेले. धोका निर्माण करणाऱ्या कारखानदारांकडून वसुली करा. जखमीचा विमा असेल, कामगार राज्य विमा असेल, तर पालिकेने तिकडे मागणी करावी. कोणी विनाकारण गाडी बोलावली तर त्याच्यावर नंतर कारवाई करा. पण स्ट्रेचरवरच्या माणसापुढे पावतीपुस्तक धरू नका.

कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. ठाण्यातही २०२२ पासून तेच झाले. तेव्हा जाब विचारायला माणूस नव्हता. म्हणून समाजबांधवांना आमचे आवाहन आहे. विहारात, मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या प्रभाग कार्यालयात जाऊन रुग्णवाहिका किती, त्यातल्या चालू किती आणि दर काय, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागा. तातडीच्या रुग्णाला शुल्कमाफी देणारा ठराव महासभेत करून घ्या आणि त्याची पाटी प्रत्येक रुग्णवाहिकेवर लावायला भाग पाडा.

चक्कीनाक्याच्या विहिरीत उतरलेल्या जवानांनी आतल्या माणसाची जात विचारली नाही, खिसाही तपासला नाही. महापालिकेला तेवढे जमले तरी पुष्कळ झाले!