एका शेगडीचा संसार

पावसाळ्यात राजवाड्यावरून येताना रस्त्याच्या कडेला निखाऱ्यांवर भुट्टे भाजणाऱ्यांच्या गाड्या दिसतात. (मक्याचे कणीस हा शब्द आम्हांस ठाऊक नाही असे नव्हे, परंतु इंदुरात पिढ्यानपिढ्या राहिलेला मराठी माणूस घरातही त्याला भुट्टाच म्हणतो.) या शेगडीपुढे उभे राहून वाचकांपैकी बहुतेकांनी बोटे भाजून घेतली असतील. त्या शेगडीच्या मागे एक संसार असतो, आणि आश्विन संपल्यावर तो कशावर चालतो याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. आम्हांस तो करावा लागला. कारण गेल्या वर्षी, आम्ही आठवीत असताना, आमच्या वर्गातील एक बाक दोन महिने रिकामा होता.

त्या बाकावरील सोबत्याचे वडील भुट्ट्याची गाडी लावतात. हंगाम सरल्यावर मिळकत वाढवावी म्हणून हितचिंतकांनी त्यांस सल्ला दिला, की दुसरी गाडी घ्या, चाऊमीन ठेवा, थंड पेये ठेवा. त्यांनी तसे केले. पण दुसऱ्या गाडीला दुसरा माणूस लागतो, आणि माणसाला पगार द्यावा लागतो. तो परवडेना, तेव्हा घरचा तेरा वर्षांचा मुलगा उभा राहिला. २०१६ साली सुधारलेल्या बालकामगार कायद्याने चौदा वर्षांखालील मुलास घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा आहे, परंतु ती शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत, आणि काम धोक्याचे नसेल तरच. संध्याकाळच्या गाडीची कोबी मात्र दुपारीच चिरावी लागते.

हितचिंतकांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु जोडमिळकत शोधणाऱ्याने ‘आणखी काय विकावे?’ हा प्रश्न प्रथम विचारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याचे पैसे आधीच मोजून झाले आहेत, त्यातून आणखी काय निघेल, हे त्याने आधी पाहावे. आमच्या शहरातील सराफा हेच करतो. दिवसा तेथे सोन्याचांदीची उलाढाल चालते. रात्री दुकाने बंद झाली की त्याच दुकानांपुढे खाद्यपदार्थांच्या कढया चढतात. जागा एक, मिळकती दोन.

भुट्टेवाल्याने मोजलेला खर्च कोणता? मुख्यतः कोळशाचा. शेगडी पेटवून निखारे तयार होईपर्यंत बराच वेळ जातो, आणि शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावरही विस्तव तासभर धुमसत राहतो. हा विस्तव विकत घेतलेला आहे. तो फुकट जातो. समजा, एका संध्याकाळी ५० भुट्टे खपले. दहा रुपयांना घेतलेला वीस रुपयांना विकला, तर ५०० रुपये सुटले. त्यातून कोळशाचे १५० आणि लिंबू-मिठाचे ५० वजा जाता हाती ३०० उरले. आता नवरात्राच्या सुमारास, भुट्टा सरत असतो आणि रताळी येऊ लागतात तेव्हा, त्याच उतरत्या विस्तवाच्या राखेत पाच किलो रताळी पुरली असे धरा. २०० रुपयांची रताळी भाजल्यावर वजनात घटतात, तरी ती ४०० ला गेली, तर दिवसाचे ३०० चे ५०० होतात. कोळसा तेवढाच, माणूस तोच. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत; भाव रोज बदलतात. परंतु हिशेबाची रीत तीच राहील.

निखारे मुळीच नको असतील, तर घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात कोंडावेत. हवा न मिळाल्याने ते विझतात आणि उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटतो. (हा डबा बंद खोलीत मात्र ठेवू नये, धुमसत्या कोळशाचा वायू प्राणघातक असतो.)

शेगडी फक्त पावसाळ्यापुरतीच असते, हाही एक गैरसमज आहे. माळव्यात हरभरा उदंड पिकतो; थंडीच्या अखेरीस त्याच निखाऱ्यांवर हुळा भाजता येतो. उन्हाळ्यात गरम पदार्थाकडे कोण फिरकणार, असे वाटेल. पण कैरी विस्तवात भाजूनच उत्तम पन्हे होते. सकाळी थोडा वेळ शेगडी पेटवली, की दुपारभर थंड पन्हे विकता येते.

उरलेल्या भुट्ट्यांचा प्रश्न अवघड आहे. कणीस तोडल्यापासून त्याच्या दाण्यांतील साखरेचे हळूहळू पिष्टात रूपांतर होऊ लागते, म्हणून कालचा भुट्टा आजच्याइतका गोड लागत नाही. त्याचा कीस करावा, असे कोणीही सुचवील; भुट्ट्याचा कीस तर इंदूरचा लाडका पदार्थ आहे. पण किसणे, दुधात शिजवणे, सतत ढवळणे या सर्वांस पुन्हा दोन हात लागतात, आणि ते हात कोणाचे असतील हे आम्ही पाहिले आहे. त्यापेक्षा उरलेला माल त्याच रात्री कीस करणाऱ्यालाच थोड्या कमी भावाने द्यावा. हिरवी पाने गाईम्हशींच्या मालकाला द्यावीत. त्याचे पैसे अगदी थोडे येतील, पण कचराही उचलावा लागणार नाही.

आम्हांस सर्वांत भरवशाची वाटते ती आगाऊ ठरवलेली मागणी. एखाद्या वाढदिवसाला किंवा सोसायटीच्या मेळाव्याला शेगडी घेऊन जायचे, किती भुट्टे ते आधी ठरवायचे आणि अर्धे पैसे विसार म्हणून घ्यायचे. माल उरण्याची भीती नाही, पाऊस आला तरी नुकसान थोडे. घरपोच खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या कंपन्यांचा मार्ग मात्र या धंद्याला मानवणार नाही. भुट्टा निवला की त्याचा अर्धा आनंद गेला, आणि वर दलालीही द्यायची. दुसरी गोष्ट जिरावणाची. भुट्ट्यावर लिंबाबरोबर चोळलेला तो मसाला गिऱ्हाइकाच्या जिभेवर असतोच. त्याच्या पुड्या मंदीच्या दिवसांत घरी करून ठेवता येतात. त्यासाठी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आणि पुडीवर नियमाप्रमाणे मजकूर हवा. हे टाळू नये.

फेरीवाल्यांसाठी २०२० साली सरकारने कर्जाची स्वनिधी योजना आणली, आणि ती उपयोगी आहे. परंतु कर्ज हे कर्जच. त्यास मिळकत समजून दुसरी गाडी घेणे म्हणजे पहिल्या गाडीवर ओझे लादणे होय.

आमच्या सोबत्याच्या वडिलांनी दुसरी गाडी विकून टाकली. तोटा झाला, तो ते अजून फेडीत आहेत. यंदा त्यांनी रविवारच्या मागण्या घेण्यास आरंभ केला असून राखेतली रताळीही ठेवली आहेत. हिशेब लिहिण्याचे काम मुलाकडे आहे. तो ते रात्री अर्धा तास बसून करतो, गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर. गुरुजींनी ती पाने पाहिली, एका ठिकाणी बेरीज चुकली होती ती तांबड्या शाईने दुरुस्त केली, आणि वही परत दिली.