उसाला कायदा, तुरीला घोषणा

कोल्हापूर हा उसाचा जिल्हा. येथे तोडणीला येणाऱ्या बीडच्या मजुराच्या गावी कोरडवाहू रानात तूर असते. उसाला १९६६ चा नियंत्रण आदेश आहे: १४ दिवसांत बिल द्या, नाहीतर १५ टक्के व्याज. (ते व्याज किती जणांच्या हाती पडते, हा वेगळा विषय!) तुरीचा हमीभाव केंद्र सरकार दरवर्षी जाहीर करते, पण त्यामागे असा केंद्रीय कायदा नाही.

२०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली. सरकार म्हणाले, तूर पेरा. आणि २०१६ मध्ये मोझांबिकशी आयातीचा करारही केला! २०१७ मध्ये तूर उदंड झाली, तेव्हा खरेदी केंद्रांवर बारदाना नव्हता. २०२१ मध्ये म्यानमार, आफ्रिकेच्या तुरीला दार पुन्हा मोकळे केले.

भाव पडला की कोरडवाहू शेतकरी बुडतो, चढला की आमच्या भूमिहीनांच्या ताटातली आमटी पातळ होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात धान्य म्हणजे तांदूळ, गहू आणि भरडधान्य. व्याख्येत डाळ नाहीच. ती घाला आणि हमीभावाने घेतलेली तूर रेशनवर द्या, ही मागणी आम्ही करतो.