पेटीतला कागद, मोबाईलमधला कागद

माथेरानचा पाऊस ज्याने काढला, त्याला कागदाचे दुःख सांगायला नको. चार महिने भिंती पाझरतात आणि पत्र्याच्या पेटीतल्या दाखल्यांनाही बुरशी येते. आपल्या आयाबायांना वाचता येत नव्हते, पण कागदाची किंमत कळत होती. म्हणून त्यांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जपले.

आता मुले म्हणतात, "आजी, कशाला जपतेस? सगळं मोबाईलमध्ये आहे." हे अर्धेच खरे आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने संगणकातील नोंदीला मान्यता दिली. २०१५ साली डिजिलॉकर आले. त्यात कार्यालयाने स्वतः दिलेला दाखला मूळ दाखल्यासारखाच धरतात. रोज बुडवून कर्जतला खेटे घालणे त्यामुळे कमी होते. हातावर पोट असणाऱ्याला ही गोष्ट लहान नाही.

परंतु आपण काढलेला फोटो म्हणजे दाखला नव्हे. शिवाय नवा दाखला उभा राहतो तो जुन्या कागदावर. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या केंद्रीय आदेशात बौद्धांचा समावेश झाला. तरीही जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे नातवाची शिष्यवृत्ती आजोबांच्या शाळेतील एका ओळीवर अडते.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माथेरानची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून खऱ्या रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्यास सांगितले. माणसाने माणसाला ओढणे थांबावे, हा निर्णय मोठाच. पण 'खरा कोण' हे ठरवताना ज्याच्या हाती परवाना, त्याचेच म्हणणे भक्कम ठरते.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. उन्हाळ्यात, हवा कोरडी असताना पेटी उघडा. एकेक कागद स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, पण मूळ कागद टाकू नका. फाटलेल्या नोंदीची प्रमाणित नक्कल शाळेतून वा तहसीलमधून वेळीच काढा. सेवा केंद्रात दुसरा माणूस आपला अर्ज भरतो. तो पाठवण्यापूर्वी नाव, आडनाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर वाचा. एका वेलांटीपायी वर्ष वाया जाते.

आजीला वाचता येत नव्हते, म्हणून तिने कागद जपला. आपल्याला वाचता येते. मग न वाचता बटण का दाबावे?