व्यसनमुक्ती योगायोगावर सोपवता येणार नाही

दारू सुटलेल्या माणसाच्या कहाणीत बहुधा एक अवचित भेट असते. एस.टी.च्या थांब्यावर जुना सोबती भेटतो, चहाच्या टपरीवर त्याच वाटेने गेलेला कुणी शेजारी बसतो आणि गुत्त्याकडे वळलेली पावले घराकडे फिरतात. अशा भेटींचे मोल थोर आहे. परंतु ती कहाणी ऐकून ‘माणुसकी अजून जिवंत आहे’ असे म्हणत जे समाधान मानले जाते, ते मात्र तपासून पाहिले पाहिजे. कारण त्याच्या आड शासन आणि समाज दोघेही आपली जबाबदारी झटकत असतात.

या प्रकारची सर्वांत प्रसिद्ध भेट मे १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन या रबर कारखान्यांच्या शहरात झाली. दारू सोडून काही महिनेच झालेला बिल विल्सन व्यवहारातील अपयशाने खचून हॉटेलात उभा होता. एकीकडे मद्यालय, दुसरीकडे टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला, एका धर्मोपदेशकाकडून काही नावे मिळवली आणि अखेर हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंच्या मध्यस्थीने डॉ. बॉब स्मिथ या व्यसनग्रस्त शल्यविशारदाशी त्याची गाठ पडली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसून राहिले. त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली.

परंतु या योगायोगाला टेलिफोन लागला, ओळखीपाळखी लागल्या, सुस्थित घराचा निवांतपणा लागला. मंदीच्या त्या वर्षांत अ‍ॅक्रनच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या कामगाराला हे सारे कोठून मिळणार होते? योगायोगही वर्गनिरपेक्ष नसतो! त्या दोघांचे खरे कर्तृत्व भेटीनंतरचे आहे. ठरलेला वार, ठरलेली जागा आणि सक्तीच्या वर्गणीवाचून खुले दार, अशी योजना त्या चळवळीने केली. जे एकाला दैवाने लाभले, ते अनेकांना संघटनेने मिळवून दिले.

महाराष्ट्रातही हे घडले आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साह्याने ‘मुक्तांगण’ उभारले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्याने येणाऱ्याला हात देतात. पण अशा मोजक्या संस्थांवर किती भार टाकायचा? केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतात. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० मध्ये एक.

उलट दारूचे दुकान कुणालाही योगायोगाने भेटत नाही. त्याला परवाना असतो, पत्ता असतो, उघडण्याची वेळ असते आणि त्याच्या विक्रीतून सरकारी तिजोरीत कर जमा होतो. व्यसनाची सोय नियमाने आणि सुटकेची सोय नशिबाने, हा कोणता न्याय? राज्यघटनेचे ४७ वे कलम मद्यबंदीच्या दिशेने प्रयत्न करण्यास शासनाला सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनजन्य मनोविकारही आपल्या कक्षेत घेतले आणि शासकीय उपचारांचा हक्क दिला. तो हक्क तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोचला पाहिजे. मद्यावरील करातला निश्चित वाटा त्यासाठी राखून ठेवावा, ही मागणी मुळीच अवाजवी नाही.

चळवळीतही दोन सोयीस्कर समजुती आहेत. एक म्हणते, व्यवस्था बदलली की व्यसने सुटतील. दुसरी म्हणते, ज्याचा निर्धार पक्का तो सोडेल. पहिली आजच्या माणसाला उद्यावर ढकलते, दुसरी त्याला एकटा पाडते. दोन्हींत त्याच्या घरी आज रात्री चूल पेटेल की नाही, याचा विचार नाही.

युनियनची कचेरी, पक्षाचे कार्यालय, वस्तीतले वाचनालय या जागा कार्यकर्त्यांच्या हाती आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक सतरंजी आणि त्यातून गेलेली दोन माणसे एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. दुकान ठरल्या वेळी उघडते. मदतीचे दारही ठरल्या वेळी उघडलेच पाहिजे.