गेमचा सातबारा कुणाच्या नावावर?



२५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेतल्या मोनोलिथ या गेम स्टुडिओला टाळं लागल्याची बातमी आली. स्टुडिओ तीस वर्षांचा. २००४ मध्ये एका बड्या कंपनीने तो विकत घेतला होता. या गोष्टीचं दुःख तुम्हालाही आहे, ते उगाळत बसत नाही. आमची तिडीक वेगळी आहे: कारागीर घरी गेले, पण त्यांनी घडवलेल्या गोष्टीचे हक्क मालकाच्या तिजोरीतच राहिले.

मोनोलिथचाच 'शॅडो ऑफ मॉर्डॉर' (२०१४) आठवा. एखादा फुटकळ ऑर्क तुम्हाला मारतो आणि त्याला बढती मिळते. पुढच्या गाठीला तो तुम्हाला ओळखतो, टोमणे मारतो. त्याला तुम्ही जाळलं असेल, तर भाजलेलं थोबाड घेऊन परत येतो! या 'नेमेसिस' यंत्रणेचं पेटंट २०२१ मध्ये मंजूर झालं. मुदत २०३६ पर्यंत. आणि ती वापरणारा शेवटचा मोठा गेम? २०१७ चा. ज्यांनी घडवली ते पांगले, ज्यांच्याकडे आहे ते वापरत नाहीत, ज्यांना वापरायचीय त्यांना वकिलांची धास्ती. रान पडीक, कुंपण मात्र काटेरी.

यावर काही शहाणे सांगतात, "हा धंदा आहे, धर्मादाय नव्हे." बरं, धंद्याचंच बोलू. २०१७ मध्ये डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्हमधून तेव्हाच्या मालकाने अंग काढून घेतलं. स्टुडिओ स्वतंत्र झाला, पण आपल्या 'हिटमॅन' गेमचे हक्क सोबत घेऊन. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या 'हिटमॅन ३'ने बनवण्याचा खर्च आठवड्याच्या आत वसूल केला. हक्क सोडल्याने कुणाचं दिवाळं निघालं?

दुसरे शहाणे त्याहून थोर. म्हणे, "गेम चांगला असता तर चालला असता." मग 'हाय-फाय रश'चं काय? जानेवारी २०२३ मध्ये घोषणा आणि विक्री एकाच दिवशी, आगाऊ जाहिरात शून्य. तरी काही महिन्यांत ३० लाख लोकांनी तो खेळला. २०२४ च्या एप्रिलमध्ये ॲनिमेशनचा बाफ्टा पुरस्कार, मे महिन्यात स्टुडिओच्या हातात नारळ! ऑगस्टमध्ये एका कोरियन कंपनीने स्टुडिओबरोबर गेमचे हक्कही घेतले, म्हणून तो तरला. अशा गेमला आपण हळहळून 'अंडररेटेड' म्हणतो. खेळणाऱ्यांनी तर डोक्यावर घेतला होता. मग कमी लेखला कुणी?

'कसेल त्याची जमीन' हे महाराष्ट्राला नव्याने शिकवायला नको. १९४८ चा कूळ कायदा आपल्या आजोबांनी पाहिला. जमिनीला जो न्याय, तो गेमला का नको? आमची मागणी साधी आहे. स्टुडिओ बंद करायचा तर करा, पण दोन वर्षांत हक्क वापरले नाहीत, तर रास्त किमतीला ते विकत घेण्याचा पहिला मान घडवणाऱ्यांना द्या.

आणि एक शब्द आपल्याच पोरापोरींसाठी. 'राजी' (२०२०) हा गेम पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत घडला. असे आणखी घडतील. उद्या कुणी जाडजूड चेक घेऊन दारात आलं, तर आकडा नंतर बघा. आधी करारात एक कलम शोधा: स्टुडिओ बंद पडला, तर गेम कुणाचा? ते कलम नसेल, तर पेन खाली ठेवा.