आरओ बसवला, पण पडदा कोण धुणार?

आपल्या खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईला जातं. तिथल्या महापालिकेने आता कोपरखैरणे आणि ऐरोली इथे रोज प्रत्येकी २ कोटी लिटर क्षमतेची केंद्रं उभारली आहेत. शुद्ध केलेलं सांडपाणी पुन्हा बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना द्यायचं, अशी ही योजना. कारखाने ते पाणी जितकं घेतील, तितकं गोडं पाणी वाचेल.

पण या साऱ्याचा जीव त्या पडद्यात, म्हणजे मेंब्रेनमध्ये आहे. गाळ, लोह, क्षार आणि जंतूंचा चिकट थर बसून तो चोंदतो. मग दाब वाढतो, पाणी कमी येतं, विजेचं बिल फुगतं. शहरातल्या केंद्रात हा पडदा ठरल्या वेळी उलट्या पाण्याने आणि औषधाने धुवावाच लागतो.

शेतकऱ्याला हे नवीन नाही. ठिबकचे ड्रिपर चोंदले की आपण ॲसिड सोडतो, सँड फिल्टर बॅकवॉश करतो. मग ग्रामपंचायतीच्या आरओच्या बाबतीत हे का सुचत नाही? उद्घाटनाला नारळ फुटतो, फोटो निघतो आणि दोन उन्हाळ्यांत यंत्राला कुलूप लागतं. बायाबापड्या पुन्हा हंडा घेऊन खाऱ्या बोअरवर.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी चार गोष्टी कराव्यात. यंत्र घेण्याआधी बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी. लोह-क्षार किती, त्यावर आधीची गाळणी ठरते. रोजचा दाब आणि पाण्याचा धार वहीत लिहावी. धार दहा-पंधरा टक्क्यांनी घटली की धुण्याची वेळ आली असं समजावं. क्षाराचा थर आम्लाने निघतो, चिकट थर अल्कलीने. मात्र ठिबकचं ॲसिड अंदाजाने ओतू नये, कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच करावं. आणि बाहेर पडणारं खारं पाणी विहिरीत किंवा शोषखड्ड्यात मुरवू नये, नाहीतर तेच क्षार फिरून बोअरमध्ये येतील.

नव्या मेंब्रेनचे पैसे पाणीपट्टीतून दर महिन्याला बाजूला काढले, तरच यंत्र टिकेल. येत्या ग्रामसभेत ती वही मागा आणि त्या पैशांचा हिशेब विचारा. बैल घेताना आपण वैरणीची सोय आधी बघतो, मग यंत्र घेतानाच का विसरतो?