शार्क म्हणजे नुसते दात नव्हेत

‘शार्क’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे दात येतात. चित्रपटांनी पसरवलेली ही भीती शाळेने तरी वाढवू नये, असे मला वाटते.

शार्कच्या 500 हून अधिक जाती आहेत. पांढरा शार्क आपले शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम ठेवतो आणि सीलची शिकार करतो. हातोड्यासारख्या डोक्याचा शार्क वाळूत दडलेले पाकट मासे त्यांच्या शरीरातल्या क्षीण विजेवरून हुडकतो. आणि सर्वांत मोठा, 12 मीटरहूनही लांब वाढणारा व्हेल शार्क? त्याचे दात अगदी बारीक. तो पाणी गाळून सूक्ष्म जीव खातो!

हाच व्हेल शार्क आपल्या गुजरातच्या किनाऱ्यावर येतो. यकृतातल्या तेलासाठी त्याला मारीत. 2001 मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. पण 2004 च्या ‘व्हाली’ मोहिमेत मोरारीबापूंनी त्याला बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली, तेव्हा ते कोळी बांधवांच्या मनाला भिडले. महागडी जाळी कापून ते त्याला सोडू लागले.

भीतीने हे घडले नसते. म्हणून शिक्षकांनी ‘हिंस्र मासा’ एवढ्यावर न थांबता जातींची तुलना शिकवावी, आणि विश्वस्तांनी प्रयोगशाळेत तसा एक तक्ता लावून द्यावा.